केनियातल्या खेड्यात लहान मुलांना शिकवायला तीन महिने जायचंय, खरंच उपयोग होईल का?

वारजे_पुलाजवळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. मी वारज्यात राहते, वय ३१, हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी बाणेरला एका बांधकामाच्या साइटवर लेबर कॅम्पमधल्या लहान मुलांचा वर्ग घेते. चार ते सात वर्षांची पोरं, कधी बारा येतात कधी तीस, आईबाप साइट बदलतात तशी पोरंही बदलतात. डीएड वगैरे काही केलेलं नाही, आमच्या ग्रुपमधल्या जुन्या लोकांचं बघत बघत शिकले.

आता मुद्दा. माझी कॉलेजातली मैत्रीण नैरोबीत नोकरीला आहे, तिच्या ऑफिसातल्या एका बाईचं गाव किलिफी काउंटीत, मोंबासाच्या उत्तरेला समुद्र सोडून आत गेलं की गांझे म्हणून भाग आहे तिकडे. त्या बाईंची बहीण गावात बालवाडीची शिक्षिका आहे. तिकडे पीपी वन आणि पीपी टू म्हणतात, म्हणजे आपले छोटा शिशू मोठा शिशू. दोन्ही वर्ग मिळून ६८ मुलं आणि शिक्षिका ही एकटीच. फोटो पाहिले, मातीच्या भिंती, वर नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, बाक नाहीत, मुलं जमिनीवर. पाऊस दोन-तीन वर्षं धड झाला नव्हता तेव्हा कितीतरी मुलं उपाशीपोटी यायची म्हणे. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून ते जातच नाहीये.

कंपनी तीन महिने बिनपगारी रजा द्यायला तयार आहे, माझा विचार एप्रिल ते जून. आईचं म्हणणं, इथं काय पोरं कमी पडली का म्हणून तिथं चाललीस. बाबा काही बोलत नाहीत पण रोज आफ्रिकेतल्या बातम्या वाचून दाखवतात. एका एजन्सीकडे चौकशी केली तर आठ आठवड्यांचे १ लाख ६० हजार सांगितले, विमान वेगळं, आणि गाव कुठलं ते ते ठरवणार.

मला खरं विचारायचंय ते हे, की भाषा येत नाही, प्रशिक्षण नाही, अशा माणसाने तीन महिने जाऊन त्या मुलांना काही मिळतं का, की माझंच समाधान? ज्यांनी असं काही केलंय किंवा लहान मुलांना शिकवलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा, वाईट वाटणार नाही. आणि जायचंच ठरलं तर काय नेऊ?

निवृत्त_बाई

अगं पोरी, तुझी पोस्ट सुनेने वाचून दाखवली, मग म्हटलं मीच लिहिते. मी भोर आणि वेल्हे तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३४ वर्षं काढली, आता सिंहगड रोडला मुलाकडे असते. आफ्रिकेला मी गेलेली नाही त्यामुळे तिथलं काही सांगत नाही, पण चार-पाच वर्षांचं पोर कुठल्याही मुलखातलं असो, त्याला लागतं तेच लागतं, कुणीतरी त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणारं.

भाषेचंच आधी सांगते. माझ्या दुसऱ्या शाळेत कातकरी वाडीवरची पाच-सहा पोरं होती. त्यातला एक जूनपासून दिवाळीपर्यंत तोंडातून शब्द काढत नव्हता, मी त्याला मंद समजायला लागले होते, आज लिहिताना सुद्धा जिवाला लागतं. एक दिवस ओढ्याकडून येताना त्याच्या हातात खेकडा होता, मी विचारलं तुमच्यात याला काय म्हणतात रे? त्याने सांगितलं. मी तो शब्द फळ्यावर लिहिला, त्याच्या भाषेतला, आपल्या अक्षरात. मग जो सुटला बाई, बीळ कसं ओळखायचं, हात कुठल्या बाजूने घालायचा, नांगी कशी धरायची, अर्धा तास बोलत होता आणि सगळा वर्ग ऐकत होता. त्या दिवसापासून वाचायला लागला असं नाही म्हणत मी, पण शाळा त्याची झाली. तेव्हा तिथं जाऊन इंग्लिश राइम्स म्हणून घेणार असशील तर नको जाऊस. त्या शिक्षिकेची भाषा शिकणार असशील तर जा.

दुसरं, साधनं. बॅगा भरभरून खेळणी नेऊ नकोस. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ ला त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, बरोबर अनुताई वाघ. वारल्यांची पोरं शाळेत येईनात तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यावर नेली, अंगणात भरवली म्हणून ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. साधनं काय होती? शिंपले, बिया, खडे, पानं, काटक्या. पोर ते घरी जाऊनही खेळतं आणि बाई बदलली तरी ते साधन संपत नाही. तू नेलेलं प्लास्टिकचं कोडं तू निघालीस की कपाटात जाईल, आणि एक तुकडा हरवला की संपलंच.

आणि धूळपाटी विसरू नकोस. पाट्या कमी पडायच्या तेव्हा मी पत्र्याच्या ट्रेमध्ये बारीक वाळू चाळून घ्यायचे, पोरं बोटाने अक्षर गिरवायची, चुकलं की ट्रे हलवायचा, पाटी कोरी. ज्याला पेन्सिल धरता येत नाही त्याला सुद्धा अक्षराचं वळण बोटात बसतं. समुद्रकाठच्या मुलखात वाळूला काय तोटा.

कर्वेनगर_जुना

ताई, मी २०१८ मध्ये किलिफीलाच दहा आठवडे होतो, तुमच्या गावापासून साधारण तासाभरावर. तेव्हा मी २६ चा होतो. मी एका कंपनीमार्फत गेलेलो, नाव घेत नाही. पैसे भरपूर भरले आणि शाळेत गेल्यावर कळलं की शाळेला त्यातलं जवळजवळ काहीच पोचत नाही. आमच्या राहण्याच्या घराला रंग नवा आणि शाळेत खडू मोजून. हेडमास्तर फार सभ्य माणूस, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, मीच एकदा विचारलं तेव्हा हळू आवाजात सांगितलं. त्यामुळे तुमचा एजन्सीचा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे, तुमच्याकडे थेट शिक्षिकेची ओळख आहे तर मधे कुणी घालू नका. राहण्याजेवणाचे पैसे ज्या घरी राहाल त्या घराला द्या.

वर्ग कसा असतो ते सांगतो. सकाळी पहिल्या दिवशी मी दारात उभा, आत सत्तरच्या आसपास पोरं, आणि सगळी एकदम उठून एका सुरात ‘शिकामो म्वालिमू’. शिकामो म्हणजे मोठ्यांना करायचा नमस्कार, आपण वाकून पाया पडतो तसं ते शब्दाने करतात, आणि मोठ्याने उत्तर द्यायचं ‘मराहाबा’. मला उत्तर माहीत नव्हतं, मी हॅलो म्हणालो आणि पोरं तशीच उभी राहिली, उत्तर मिळेपर्यंत बसेनात. शेवटी बाईंनी माझ्या वतीने मराहाबा म्हटलं तेव्हा बसली. हा एक शब्द विमानात पाठ करून जा.

मग बाईंनी पेन्सिली काढल्या. एक अख्खी पेन्सिल घेतली, ब्लेडने तिचे तीन तुकडे केले, तिन्हींना टोक काढलं आणि तीन मुलांना दिले. तास संपल्यावर ते तुकडे मोजून परत डब्यात. बोटभर सुद्धा नव्हते काही तुकडे. मी पुण्याहून रंगीत पेन्सिलींचे वीस बॉक्स नेलेले, मला वाटलं आता वाटून टाकू. बाई म्हणाल्या वाटू नकोस, डब्यात ठेव, वर्षभर पुरवते. तेच बरोबर होतं, मी एका दिवसात वाटले असते तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या हरवल्या असत्या आणि शेजारच्या वर्गातली मुलं रडली असती.

मोजायला सोड्याच्या बाटल्यांची बुचं. आणि इथं एक मजा आहे, स्वाहिलीत एक म्हणजे ‘मोजा’! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं बाई मराठीत मोजा म्हणतायत. मोजा, म्बिली, टाटू, न्ने, टानो, सिटा, साबा, नाने, टिसा, कुमी. पुढे अकरा म्हणजे कुमी ना मोजा, दहा आणि एक. बारा म्हणजे कुमी ना म्बिली. एकोणीस म्हणजे कुमी ना टिसा, दहा आणि नऊ. आपल्याकडे २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का? तिथं ती पद्धत भाषेतच आहे. पाच वर्षांचं पोर दहा बुचांची एक माळ आणि वर तीन सुटी बुचं ठेवून कुमी ना टाटू म्हणतं तेव्हा त्याला दशक-एकक वेगळं शिकवावं लागत नाही, ते त्याच्या तोंडातच असतं. गणिताला म्हणतात हेसाबू. पुस्तक किताबू, लेखणी कालामू, रंग रांगी, दुकान दुका, पैसा पेसा, आंबा एम्बे. दोन आठवड्यात मला रोजचं बोलणं कळायला लागलं ते यामुळे.

वाचनही तसंच. स्वर पाचच, आ ए इ ओ उ, आणि बाई शिकवतात बा बे बि बो बु, मा मे मि मो मु. आपली बाराखडीच. जसं लिहितात तसं वाचायचं, इंग्लिशसारखी भानगड नाही. फक्त आतल्या गावांत घरची भाषा गिरियामा असते, लहान मुलांना स्वाहिली सुद्धा शाळेत येऊनच नीट येते, त्यामुळे बाई दोन्हींत बोलतात. सरकारचं धोरणही पीपी वन ते तिसरीपर्यंत त्या भागातल्या भाषेत शिकवायचं असंच आहे.

आता अवघड गोष्ट. एक मुलगा होता, उड्या मारायच्या खेळात कधी यायचा नाही, भिंतीला टेकून बसायचा. मला वाटलं लाजाळू आहे, मी दोनदा त्याला हाताला धरून ओढला. बाईंनी मला थांबवलं आणि त्याचे पाय दाखवले. फुंझा म्हणून एक पिसवासारखा किडा असतो, जमिनीतल्या धुळीतून अनवाणी पायात शिरतो आणि कातडीखाली वाढतो. त्याच्या टाचांना आणि नखांखाली भोकं भोकं पडलेली, चालताना पाऊल वाकडं टाकायचा. दर शुक्रवारी बाई आणि एक आरोग्यसेविका मिळून पाच-सहा पोरांचे पाय टबातल्या औषधाच्या पाण्यात बुडवून धुवायच्या. शेवटचे सहा शुक्रवार मी पाणी आणायचं आणि पाय पुसायचं काम केलं. मी तिथं केलेल्या कामातलं सगळ्यात उपयोगाचं तेच होतं असं मला आजही वाटतं, इंग्लिश शिकवणं नाही.

आणि मी निघालो तेव्हा पोरं रडली. त्याआधी एक इटालियन मुलगी गेली होती तेव्हाही रडली होती, माझ्यानंतर जो आला असेल त्याच्या वेळीही रडली असतील. याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

खराडी_बायपास

आधीच सांगतो, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, दोन वर्षं रविवार सोडणं सोपं नसतं. पण माझं मत जाऊ नये असं आहे.

पहिलं कारण वरच्या भाऊंनी शेवटी लिहिलंय तेच. चार-पाच वर्षांच्या मुलांना माणसं लागतात ती टिकणारी. दर दोन-तीन महिन्यांनी नवीन ताई, नवीन दादा, जीव लावायचा आणि निघून जायचं, हे मुलांवर काय करतं याचा विचार आता जगभर होतोय. अनाथाश्रमांचं तर फारच वाईट आहे, आईबाप जिवंत असलेली मुलं तिथं ठेवायची कारण बाहेरून पाहुणे आणि देणग्या येतात. केनियाने २०१७ मध्ये अशा नव्या संस्थांची नोंदणीच थांबवली, ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या कायद्याच्या वेळी याला आधुनिक गुलामगिरीत धरलं, २०१९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही पर्यटक-स्वयंसेवकांचा उल्लेख आला. तुमची शाळा आहे, आश्रम नाही, मान्य. पण एजन्सीवाले ‘गाव आम्ही ठरवू’ म्हणतात तेव्हा ते तुम्हाला कुठे नेऊन सोडतील याचा भरवसा नाही.

दुसरं, पैसा. विमान, विमा, लसी, राहणं, तीन महिन्यांचा बुडालेला पगार. तेवढ्यात तिथं गावातल्याच एका बारावी झालेल्या मुलीला मदतनीस म्हणून कितीतरी महिने ठेवता येईल, तिला भाषा येते, ती निघून जाणार नाही. त्या बाईंना दुसरी बाई हवीय, ती पुण्याहूनच यायला हवी असं कुठंय?

तिसरं म्हणजे आपल्याकडे काम संपलेलं नाही. मुलांना कितपत वाचता येतं ते बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीला मी दोनदा गेलोय, पुरंदर आणि इंदापूर. घरात जाऊन मुलाच्या हातात एक कागद द्यायचा, अक्षरं, शब्द, चार ओळी, छोटी गोष्ट, तो कुठपर्यंत वाचतो बघायचं. पाचवीतली मुलगी दुसरीची गोष्ट वाचताना अडते आणि तिची आई दारात उभी राहून ते ऐकत असते, तो चेहरा विसरता येत नाही. बाय द वे हीच पद्धत केनिया, टांझानिया, युगांडाने २००९ पासून ‘उवेझो’ नावाने घेतली, आणि मुलांना वयाने नाही तर जेवढं येतं त्याप्रमाणे गटात बसवून शिकवायची ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत आता झांबियासारख्या देशांत सरकारी शाळांमध्ये चालते. म्हणजे आपल्याकडून तिकडे जायचं ते माणूस नाही, पद्धत जाऊ शकते, आणि ती चालवणारे शिक्षक तिथलेच आहेत. बाणेरचा तुमचा वर्ग रविवारचा रोजचा करा, त्या पोरांना जास्त मिळेल.

सध्या_मोंबासा

सदाशिव पेठेतली, लग्नानंतर अकरा वर्षं मोंबासात. वरचं सगळं वाचलं. खराडीच्या दादांचं मदतनिसाचं म्हणणं मला पटतं, पण जाऊच नका हे पटत नाही, ते शेवटी सांगते. आधी कामाचं.

एप्रिल अजिबात नको! इथलं शाळेचं वर्ष जानेवारी ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, तीन टर्म. एप्रिलमध्ये सुट्टी असते, ऑगस्टमध्ये असते, आणि नोव्हेंबर-डिसेंबर शाळा बंदच. तू एप्रिलच्या सुरुवातीला आलीस तर तीन आठवडे रिकामं अंगण बघत बसशील. दुसरी टर्म एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चालते, ती अख्खी धर, म्हणजे पोरांनाही टर्मबरोबर आलीस टर्मबरोबर गेलीस असं राहील. मे महिना धो धो पावसाचा, आतले रस्ते चिखलाचे.

यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, ठरावीक वारी देतात, आधी चौकशी कर, आणि निदान दहा दिवस आधी घे. ते पिवळं कार्ड आयुष्यभर चालतं. येताना नाही तर परत जाताना ते जास्त महत्त्वाचं, केनियाहून भारतात उतरताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, मच्छरदाणी इथं मिळेल. व्हिसाच्या जागी जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी आहे, पण ती फिरायला येण्यापुरती समज. शाळेत काम करायचं, मग ते फुकट का असेना, तर वेगळा पास लागतो, शाळेकडून किंवा गावातल्या नोंदणीकृत संस्थेकडून इमिग्रेशनला अर्ज करायला लाग. लोक याकडे काणाडोळा करतात आणि मग अडचण त्या हेडमास्तरांची होते.

प्लास्टिकच्या पिशव्या आणू नकोस, ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. आईने लाडू-चिवडा दिला तर डब्यात किंवा कापडी पिशवीत. पैसे सगळे एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, खेड्यातली भाजीवाली सुद्धा तेच घेते, २००७ पासून आहे इथं. आणि घड्याळ! स्वाहिलीत दिवस सकाळी सहाला सुरू होतो, सात वाजले की सा मोजा, म्हणजे पहिला तास. बाईंनी ‘सा म्बिली’ला ये सांगितलं तर सकाळी आठला जायचं, दुपारी दोनला नाही.

काय नेऊ विचारलंस, बुटांशिवाय काही नाही, बंद बूट, फुंझा तुलाही होऊ शकतो. पेन्सिली, वह्या, खडू मोंबासात मिळतात, इथं घे, इथल्या दुकानदाराला पैसे जाऊ देत. प्राथमिक शिक्षण फुकट झालं २००३ ला, त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त मुलं नव्याने शाळेत आली. पुढच्याच वर्षी ८४ वर्षांचे किमानी मारुगे आजोबा एल्डोरेटजवळच्या शाळेत पहिलीत जाऊन बसले, गणवेश घालून. पण बालवाडी काउंटी सरकारकडे आहे, आणि गणवेश, जेवण, पाणी यांचे पैसे घरातूनच लागतात, आणि तिथेच पोरं गळतात. गांझेकडे दुष्काळात हे फार बघितलं मी. सकाळची उजी, मक्याच्या पिठाची पातळ पेज, शाळेत मिळते की नाही यावर त्या दिवशीची हजेरी ठरते. तुला पैसे द्यायचेच असतील तर त्या पातेल्यात घाल.

आता जाऊ नको हे का पटत नाही. इथं आपल्या लोकांना म्हणतात मुहिंदी. रेल्वे बांधायला इंग्रजांनी हजारो भारतीय मजूर आणले १८९६ पासून, तेव्हापासूनची माणसं आहेत, २०१७ ला सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तरी आतल्या खेड्यात मुहिंदी म्हणजे दुकानाच्या काउंटरमागचा माणूस, मालक. आमच्यातले काही लोक नोकरांशी कसे बोलतात ते मी रोज ऐकते आणि मला लाज वाटते. एक मुहिंदी मुलगी जमिनीवर बसून गिरियामा शिकतेय, बाईंना मॅडम म्हणतेय, हे त्या पोरांनी आणि त्यांच्या आयांनी बघणं हे मला छोटं वाटत नाही. आणि तू परत जाऊन तुझ्या ऑफिसात जे सांगशील ते सुद्धा.

आणखी एक, आपल्या देवराईसारखी इथं काया असते, इथल्या किनारपट्टीवरच्या मिजिकेंडा लोकांची राखलेली जंगलं, त्यातल्या काही २००८ पासून जागतिक वारशात आहेत. बाईंना विचारून, म्हाताऱ्यांची परवानगी घेऊन एकदा बघ, पण पोरांना आजीकडून तिथल्या गोष्टी विचारून यायला सांग, वर्गात सांगतील.

निवृत्त_बाई

खराडीचे दादा, तुमचा राग मला कळतो आणि तो खोटा नाही. पण एक सांगू का, काम इथं की तिथं असं नसतं. डिसले सर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे, २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांनी अर्धी रक्कम बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली, ते देशोदेशीचे होते. त्यांच्या आदल्या वर्षी तो पुरस्कार केनियाच्याच पीटर ताबिची सरांना, ते पगारातला ८० टक्के गावातल्या गरिबांना द्यायचे. या दोघांनी कुठे सीमा आखली?

पण जायचं तर त्या बाईंच्या हाताखाली जा, हे मी परत सांगते. माझ्या शाळेत दरवर्षी शहरातून कुणी ना कुणी यायचं, खाऊ वाटायचं, फोटो काढायचं, गाणी म्हणायचं. एकच मुलगी आली जिने विचारलं बाई तुम्हाला काय अडतं? मी म्हटलं मला पहिलीच्या पोरांना एकेकाला जवळ घेऊन वाचून घ्यायला वेळ नाही. ती सहा आठवडे रोज तेच करत बसली, ओसरीवर, एकेक पोर. चौदा पोरं त्या वर्षी वाचायला लागली. मुलांचे फोटो तिने एकही काढले नाहीत हे मला नंतर लक्षात आलं.

कर्वेनगर_जुना

बाई, हे मला २०१८ च्या आधी कुणी सांगायला हवं होतं.

ताई, अजून एक राहिलं, छडी. केनियात मारायला कायद्याने बंदी आहे २००१ पासून, पण मोठ्या वर्गांत अजून दिसते. तुम्हाला दिसली तर भर वर्गात बोलू नका, बाईंशी नंतर बोला. मी बघितलंय की सत्तर मुलं दोन गटात विभागली, अर्धी झाडाखाली अर्धी आत, तर आवाज निम्मा होतो आणि छडी आपोआप कोपऱ्यात पडून राहते. आणि स्वाहिलीसाठी ॲप वगैरे नको, पुण्यात आफ्रिकेतले कितीतरी विद्यार्थी शिकतात, केनिया-टांझानियाचं कुणी शोधा, रीतसर शिकवणीचे पैसे द्या. त्यांना इथं भाड्याने घर मिळवायला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते पण ऐका.

वारजे_पुलाजवळ

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस परत परत वाचतेय. आईला पण वाचायला दिलं, ती खराडीच्या दादांच्या बाजूने आहे पण बाईंचं खेकड्याचं वाचून गप्प बसली.

एजन्सीला नाही कळवलं. मैत्रिणीच्या मदतीने त्या शिक्षिकेलाच थेट विचारलं, बाईंनी सांगितलं तसं, की तुम्हाला काय अडतं. त्यांचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, मैत्रिणीने अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, पीपी वनच्या लहानांना सांभाळताना पीपी टूची मुलं नुसती बसून राहतात, ती जानेवारीत पहिलीत जाणार, त्यांच्यापाशी बसणारं कुणीतरी हवंय. आणि गावातली एक मुलगी आहे, शाळा संपवून घरीच असते, तिला हे काम आवडेल पण तिला द्यायला पैसे नाहीत. खराडीचे दादा, तुम्ही बरोबर होतात.

म्हणून सध्या असं ठरवलंय, तारखा बदलून दुसरी टर्म पूर्ण, पासची कागदं शाळेकडून सुरू करायची, आणि त्या मुलीचं वर्षभराचं मानधन मी द्यायचं, मी असताना आणि मी निघाल्यावरही. झाडाखालचा गट तिचा आणि माझा मिळून, भाषा ती बोलेल, मी बुचं मोजेन. निरोपाच्या दिवशी पोरांकडे ती असेल, हा विचार करून मला जरा बरं वाटतंय. नाही जमलं तर मानधन तरी जाईलच. कंपनी तारखा बदलून देते का ते सोमवारी कळेल. डेक्कनला एक टांझानियाची मुलगी एमएससी करतेय, तिच्याकडे शनिवारी पहिला तास आहे.

बाई, एक विनंती होती. धूळपाटी मी कधी पाहिलेली नाही. या रविवारी बाणेरच्या वर्गावर याल का? मी घ्यायला येईन स्कूटरवर.

निवृत्त_बाई

येते की. स्कूटर नको, गुडघा धरतो, रिक्षाने येईन, पत्ता पाठव. वाळू तिथं साइटवर असेलच, पण जाडी असणार, चाळण मी घेऊन येते. तू चार-पाच पत्र्याचे ट्रे बघून ठेव, कडा दुमडलेले हवेत, नाहीतर पोरांची बोटं कापतात.